रेयुनियोंला जाताय? पहाटे चारचा गजर लावा

ज्वालामुखीच्या काठावरच्या पा द बेलकोंबच्या कठड्यावर उभं राहून वन्संनी खाली पसरलेला काळा लाव्हा पाहिला आणि म्हणाल्या, "वहिनी, हे तर आपलंच आहे. फक्त अजून ताजं आहे."

गंमत म्हणजे ते खरंच आहे. भूशास्त्रज्ञ सांगतात की साधारण सहा कोटी साठ लाख वर्षांपूर्वी भारताचा भूखंड ज्या तप्तस्थळावरून, म्हणजे जमिनीच्या पोटातून लाव्हा वर येत राहतो अशा जागेवरून, सरकत होता, त्यातूनच दख्खनचे बेसाल्टचे थर साचले. पुढे भूखंड उत्तरेला निघून आला. तप्तस्थळाची खूण वाटेत लक्षद्वीप, मालदीव, मॉरिशस अशी उमटत गेली, आणि आज ती आग रेयुनियोंच्या खाली आहे. सह्याद्री ज्या कढईतून निघाला, ती कढई अजून चुलीवरच आहे म्हणा. मी तीस वर्षं सह्याद्रीत भटकते आहे. पन्नाशी ओलांडल्यावर सासरच्या माणसांत ट्रेकला येणारं एकच माणूस उरलं, ते म्हणजे माझ्या नणंदबाई. त्यांच्याबरोबर सप्टेंबरात अकरा दिवस हे बेट चालले. तिथे आम्ही केलेल्या चुका तुम्ही करू नयेत, म्हणून हे लिहिते आहे.

आधी कोरडी माहिती. रेयुनियों हिंदी महासागरात, मादागास्करच्या पूर्वेला, मॉरिशसच्या थोडं नैर्ऋत्येला आहे. क्षेत्रफळ 2,512 चौरस किलोमीटर. हा फ्रान्सचा जिल्हाच आहे, त्यामुळे चलन युरो, भाषा फ्रेंच आणि क्रेओल, आणि गाड्या रस्त्याच्या उजव्या बाजूने. पण शेंगेन क्षेत्रात, म्हणजे एकाच व्हिसावर फिरता येणाऱ्या युरोपीय देशांच्या गटात, हे बेट मोडत नाही. पासपोर्टवर शेंगेनचा शिक्का आहे म्हणून खुशाल निघालात, असं चालत नाही. अर्ज करतानाच रेयुनियोंचं नाव स्पष्ट घाला आणि चालू नियम फ्रान्सच्या अधिकृत व्हिसा संकेतस्थळावर वाचून घ्या. आम्ही मुंबईहून मॉरिशसला गेलो आणि तिथून छोट्या विमानाने सां-दनीला, बेटाच्या राजधानीला, उतरलो. ते दुसरं उड्डाण इतकं छोटं की पट्टा बांधून सोडवेपर्यंत संपतं.

केव्हा जायचं? नागपूर विषुववृत्ताच्या जितकं वर आहे, तितकंच हे बेट खाली आहे. म्हणजे आपल्या उलट: मे ते नोव्हेंबर थंड आणि कोरडं, डिसेंबर ते मार्च पाऊस आणि चक्रीवादळं. "पावसात ट्रेकची मजा काही औरच" हे आपलं वाक्य इथे विसरा. 7 आणि 8 जानेवारी 1966 ला इथल्या फोक-फोक नावाच्या जागी चोवीस तासांत 1,825 मिलिमीटर पाऊस पडला. तो जागतिक विक्रम आहे. अशा पावसात पायवाट राहत नाही, तिचा ओढा होतो. ऑक्टोबरमध्ये जाणार असाल तर 'ग्रां रेद' या धावण्याच्या शर्यतीची तारीख आधी बघा. बेटाच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत, सुमारे 165 किलोमीटर आणि दहा हजार मीटर चढाई. पहिला येणारा हे साधारण एका दिवसात उरकतो. त्या आठवड्यात डोंगरात एक पलंग मिळायची मारामार.

ढगांचं वेळापत्रक

या बेटावर एकच नियम पाठ करा: सकाळ तुमची, दुपार ढगांची. सूर्य वर आला की समुद्राची वाफ डोंगरांना भिडते, आणि नऊ-दहा वाजता जे निळंशार होतं ते अकराला पांढरं होतं. पाऊस पडेलच असं नाही, पण दिसणं बंद. मुक्कामाची जागा, जेवण, गाडी, सगळं या एका नियमाभोवती ठरवा.

आम्हाला हे माहीत होतं. वाचलेलं होतं. तरी पहिल्या दिवशी ज्वालामुखीसाठी साडेनऊला पोहोचलो, कारण बूर-म्यूराच्या मुक्कामात नाश्त्याला गरम पाव आणि पेरूचा जॅम होता आणि वन्संना दुसरा चहा हवा होता.

पितों द ला फूर्नेझ, उंची 2,632 मीटर, हा जगातल्या सर्वांत जागत्या ज्वालामुखींपैकी एक. सरासरी वर्षाला एकापेक्षा जास्त वेळा फुटतो. पण लाव्हा पातळ असतो, स्फोट न होता वाहत येतो, आणि बहुतेक वेळा जिथे कोणी राहत नाही अशा घळीतून समुद्राकडे जातो. म्हणून लोक निर्धास्त असतात. गाडीरस्ता प्लेन दे साब्ल नावाच्या पठारावरून जातो. जात्यातून लाल-काळी भरड काढून कुणी मैलभर पसरून ठेवावी तसं ते दिसतं, गवताचं पातं नाही. रस्ता संपतो तो पा द बेलकोंबला. तिथून पाचशेच्या आसपास पायऱ्या उतरून तुम्ही ज्वालामुखीच्या आवारात, म्हणजे 'आंक्लो'मध्ये, पोहोचता. पायऱ्यांच्या तोंडाशी फाटक आहे. ज्वालामुखी कुरकुरायला लागला की प्रशासन ते बंद करतं. बंद असेल तर बंद. बाजूने उतरायचा शहाणपणा करू नका.

खाली उतरल्यावर पायवाट नसते. लाव्ह्यावर पांढऱ्या रंगाचे ठिपके मारलेले असतात, ते धरून चालायचं. स्वच्छ उजेडात पोरखेळ. आम्ही फोर्मिका लेओ ही छोटी लालसर टेकडी ओलांडली आणि ढग आला. असा आला की वन्संच्या टोपीचा रंग कळेना. ठिपका सापडेना. दोघी लगबगीने पुढे गेलो, आणि हीच चूक. सगळीकडे सारखाच काळा दगड, एक खूण नाही.

अशा वेळी काय करायचं ते सांगते, कारण आम्हाला ते तिथल्या एका वयस्क बाईंनी शिकवलं. त्या समोरून धुक्यातून आल्या आणि हाताने आम्हाला शेवटच्या ठिपक्यापर्यंत मागे नेलं. एकीने ठिपक्यावर उभं राहायचं आणि हलायचं नाही. दुसरीने पुढचा ठिपका शोधायला जायचं, आवाज ऐकू येईल इतकंच. सापडला की शिट्टी, मग पहिली येणार. मी शिट्टी घेऊन पुढे, वन्सं ठिपक्यावर. तासभर असं लंगडी घातल्यासारखं करत परत फाटकापाशी आलो. शिखर नाही, काही नाही, दिवस गेला. शिट्टी गळ्यातच बांधा, पिशवीच्या तळाशी ठेवू नका.

दुसऱ्या दिवशी चारला उठलो, सहाला फाटकातून खाली. तेच ठिकाण, पण जणू दुसरंच. सकाळच्या तिरप्या उन्हात लाव्ह्याचे पीळ दिसतात, सुंभाचं वेटोळं घालून ठेवावं तसे. काही ठिकाणी तो गुळगुळीत, रुपेरी साय धरलेला, आणि दोन पावलांवर किसणीसारखा खरखरीत. पडायला होतं म्हणून हात टेकलात तर तळवा सोलवटतो. जुने हातमोजे असू द्या. वाटेत शापेल द रोझमों ही लाव्ह्याची पोकळ घुमटी लागते, आत डोकावा. वर दोलोमिय्यू विवराच्या काठाशी पोहोचलात की रेलिंगच्या अलीकडेच थांबा, कड्याचा भरवसा नाही. एप्रिल 2007 च्या उद्रेकात या विवराचा तळ काही दिवसांत तीनशेहून जास्त मीटर खाली बसला. जाऊन-येऊन आम्हाला सहा तास लागले. पाणी प्रत्येकी तीन लिटर न्या, वाटेत थेंब मिळत नाही, सावलीही नाही. आणि त्या पाचशे पायऱ्या शेवटी चढायच्या आहेत, हे उतरतानाच लक्षात ठेवा.

मफात: गाडी जात नाही तिथे

वेळ कमी असेल तर बाकी सगळं सोडा, पण मफात सोडू नका. बेटाच्या मध्यभागी जुना ज्वालामुखी पितों दे नेज, आणि त्याच्या भोवती खचून-झिजून झालेली तीन प्रचंड खोरी: सिलाओस, सालाझी आणि मफात. हा सगळा मुलूख 2010 पासून युनेस्कोच्या जागतिक वारशात आहे. पहिल्या दोन खोऱ्यांत रस्ता जातो. मफातमध्ये जात नाही. पाठीवर कडे आणि मधल्या छोट्या सपाटीवर वस्त्या, त्यांना तिथे 'इलेत' म्हणतात. गॅसची टाकी, तांदळाची पोती, सिमेंट, सगळं हेलिकॉप्टरने येतं. माणसं चालत येतात. मफात हे नाव मुळात मळ्यांतून पळून येऊन इथे लपलेल्या गुलामांच्या एका म्होरक्याचं. गुलामगिरी इथे 20 डिसेंबर 1848 ला संपली, आणि त्याआधी हेच कडे पळालेल्यांची तटबंदी होते.

आम्ही सिलाओसकडून शिरलो. सिलाओसपर्यंतचा रस्ताच चारशेहून जास्त वळणांचा, त्यात एका गाडीपुरते बोगदे. आपल्या घाटांत गाडी चालवलेल्याला भीती वाटायचं कारण नाही, पण मागे बसणाऱ्याला गोळी द्या. तिथून इले-आ-कोर्दच्या रस्त्यावर ताइबी खिंडीची पायवाट सुरू होते, बस तिथे सोडते. खिंड 2,081 मीटरवर, चढ आठशे मीटरचा. अर्ध्या वाटेत झाडीत एक टपरी लागते, तिथे डोंगरातल्या झाडपाल्याचा काढा मिळतो. दोन प्रकार: चढणाऱ्यांसाठी 'लिफ्ट', उतरणाऱ्यांसाठी 'पॅराशूट'. वन्संनी दोन्ही प्यायले. "जाताना लागेल, येताना लागेल, आत्ताच घेऊन टाकते."

खिंडीतून मफातमधल्या मार्ला या वस्तीकडे उतरताना त्यांच्या उजव्या बुटाचा तळ सुटला. फाटला नाही, अख्खा सुटला आणि टाचेखालून जिभेसारखा लोंबायला लागला. बूट महागाचे, पण पाच वर्षं माळ्यावर पडून होते. न वापरता ठेवले की तळव्याचा फोम आणि गोंद आतून कुजतो, वरून कळत नाही. मी माझ्या काठीभोवती कापडी चिकटपट्टी गुंडाळून नेते, ही सवय सह्याद्रीची. ती बुटाभोवती आडवी चार वेढे, मग वरून जास्तीची नाडी उलटसुलट बांधली, गाठ घोट्यापुढे. गाठ तळाखाली येता कामा नये, दगडावर घासून तुटते. दर अर्ध्या तासाला पट्टी घासली जायची, परत बांधायची. दीड तासाची उतरण तीन तासांत उतरलो. मार्लाच्या घरमालकाने बूट पाहिला, काही बोलला नाही, आतून पातळ तार आणि पक्कड घेऊन आला. तळाला चार ठिकाणी भोकं पाडून तार ओवली आणि टोकं आत वळवली. तो बूट पुढचे दोन दिवस टिकला. तेव्हा निघण्याआधी दोन रविवार त्याच बुटांनी, भरलेल्या पिशवीसकट, कुठलाही गड चढून-उतरून या.

मफातमध्ये मुक्काम 'झीत'मध्ये, म्हणजे कुणाच्या तरी घराला लागून असलेल्या खोल्यांत. एका खोलीत चार ते आठ पलंग. काही महिने आधी नोंदवा, आयत्या वेळी जागा मिळत नाही. पांघरूण असतं, पण आपली शिवलेली चादर न्या. कानात घालायला कापूस न्या. रोख युरो न्या. पेयं, बिस्किटं खालच्यापेक्षा महाग असतात, हेलिकॉप्टरचं भाडं त्यात असतं, घासाघीस करू नका. आणि कचरा परत खाली आणायचा, केळ्याच्या सालीसकट.

दुसऱ्या दिवशी मार्लाहून त्रुआ रोशला उतरा. गाले नदी तिथे पसरट, घासून गुळगुळीत झालेल्या कातळावरून संथ येते आणि एका अरुंद फटीत अचानक नाहीशी होते. कातळ उन्हाने तापलेला असतो, पाठ टेकून पडावं. फटीच्या काठाशी जाऊ नका, आणि वर डोंगरात काळं दिसलं तर नदी ओलांडायचीच नाही. तिथून चढून ला नूवेलला मुक्काम. हे मफातमधलं मोठं गाव, शाळा आहे, बेकरी आहे. पाट्यांवर किलोमीटर नसतात, वेळ असतो. तो वेळ तिथल्या पोटऱ्यांचा आहे. आपला दीडपट धरा. वाटेत तेक-तेक नावाचा चिमणीएवढा पक्षी काठीच्या अंतरावर उड्या मारत पुढे-पुढे चालतो, त्याला काही खायला घालू नका. तो तरीही येतोच.

शाकाहाऱ्यांनी काय करावं

वन्सं अंडंही खात नाहीत. झीतमध्ये रात्री साडेसहा-सातला सगळे एकाच टेबलावर बसतात आणि मधोमध मोठं पातेलं येतं: कोंबडीची 'कारी' नाही तर डुकराच्या सॉसेजचं 'रुगाय'. आयत्या वेळी सांगून उपयोग नाही. नोंदणी करतानाच सांगा आणि आदल्या दिवशी फोनवर परत सांगा. वाक्य पाठ करा: "जं न मांज नी व्यांद नी प्वासों", मी मांस खात नाही आणि मासेही नाही. तरी एक खोच राहते. सिलाओसची मसूर फार चवदार, पण तिच्यात पुष्कळदा 'बुकाने' म्हणजे धुरावलं डुकराचं मांस टाकतात. डाळ आहे म्हणून डोळे मिटून वाढून घेऊ नका, विचारा.

एकदा सांगितलं की मात्र चंगळ. भात, मसूर किंवा राजमा, पालेभाजी, आणि टोमॅटो-मिरची-कांद्याची चटणी, तिलाही रुगायच म्हणतात. पालेभाजीला 'ब्रेद'. मार्लाला वाढलेली 'ब्रेद मुरूम' वन्संनी एक घास खाल्ला आणि थांबल्या. "वहिनी, हा शेवग्याचा पाला." मुरूम म्हणजे तमिळ मुरुंगै. गुलामगिरी संपल्यावर उसाच्या मळ्यांत करारावर जे मजूर आणले, त्यांत तमिळ लोक पुष्कळ होते. कढीपत्त्याला इथे 'कालूपिले' म्हणतात, तोही तमिळच. हळदीला मात्र 'साफ्रां', म्हणजे केशर! खाली गावांत वाटेवरच्या टपरीवर 'बोंबों पिमां' मिळतात, सकाळच्या चढाईसाठी चार बांधून घ्या. नावाचा अर्थ 'मिरचीच्या गोळ्या' असला तरी चवीला थेट डाळवडे. सामोसाही आहे, पण आत काय आहे ते विचारल्याशिवाय चावू नका.

पितों दे नेज, आणि समुद्र

3,070 मीटर, हिंदी महासागरातलं सर्वांत उंच टोक. सिलाओसजवळच्या ल ब्लोकपासून काव्हेर्न द्यूफूरच्या निवाऱ्यापर्यंत (2,478 मीटर) अकराशे मीटर चढ आहे. बारीतून कळसूबाई चढलात त्याहून जास्त, आणि पायऱ्या लाकडी ओंडक्यांच्या, प्रत्येकीची उंची वेगळी. तिथे झोपायचं आणि पहाटे साडेतीनला डोक्याला दिवा लावून उरलेले सहाशे मीटर. गारठा शून्याच्या आसपास, वाऱ्याने बोटं बधिर होतात. लोकरीची टोपी, हातमोजे, वाऱ्याचं जाकीट हे तिघं हवेतच. वन्संनी निवाऱ्यातच राहायचं ठरवलं आणि मी एकटी निघाले. सूर्य वर आला तेव्हा डोंगराची सावली पश्चिमेच्या ढगांवर पडली, अगदी टोकदार त्रिकोण, आणि बघता बघता आखडत गेली. पण खरं सांगू? त्याच दिवशी सोळाशे-सतराशे मीटर उतरायचं असतं. गुडघा कुरकुरत असेल तर हे शिखर सोडा आणि तो वेळ मफातला द्या. मी परत गेले तर तेच करीन.

समुद्राबद्दल थोडक्यात. शार्कच्या हल्ल्यांमुळे 2013 पासून, प्रवाळकठड्याआतलं उथळ पाणी आणि पहाऱ्याच्या जागा सोडल्या, तर पोहायला बंदी आहे. पश्चिमेला लेर्मिताजला प्रवाळकठड्याआड गुडघाभर पाण्यात पाय सोडून बसा. डोंगरातून आलेल्या पायांना तेवढंच हवं असतं.

शेवटचा दिवस पूर्वेसाठी राखून ठेवा. सां-प्येरहून निघून ग्रां ब्र्यूलेतून सां-दनीला जाणारा रस्ता लाव्ह्याचे जुने-नवे ओघ एकामागून एक कापत जातो, आणि ज्या त्या ओघाच्या सनाची पाटी लावलेली असते. नव्यावर राखाडी दगडफूल, त्याहून जुन्यावर नेचे, मग झुडपं. पाटी न वाचता वय ओळखायचा खेळ आम्ही दोघी खेळलो, मी हरले. पितों सेंत-रोझला थांबा: 1977 मध्ये लाव्हा गावातून वाहत आला, चर्चच्या दारापाशी अडला, बाजूंनी वळला, आणि अजून तिथेच थिजून उभा आहे. या बाजूला पाऊस जास्त, छत्री हाताशी असू द्या. लाव्ह्याचा दगड आठवण म्हणून खिशात टाकू नका. वन्संनी विमानतळाच्या वाटेवर बूट कचऱ्यात टाकले, पण ती तार सोडवून पर्समध्ये ठेवली. सुरक्षा तपासणीत कुणी काही विचारलं नाही.